मधली सात चित्रं

३ फेब्रुवारी, सोमवार

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतेस का, की मी तिथे नाही म्हणून मनाचा कारभार? थोरल्याचा खोकला थांबला का? सूनबाईच्या पाठीला नव्या गादीने उतार पडला का? तुझ्या भावाचा रक्तदाब खाली आला, की अजून यंत्रालाच दोष देतोय? आणि धाकटीचं कोपर? खपली काढू देऊ नकोस तिला. आजोबांनी सांगितलंय म्हणावं.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि ऐकायचं तर सगळं असतं, म्हणून ही वही. रोजचं रोज लिहायचं आणि शनिवारी पानं फाडून पाकिटात घालायची, ही तुझीच अट. पाळतो.

मी ठणठणीत पोचलो. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण हजेरीपुस्तकात नाव आज सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा चढलं. सही करताना हात थरथरला. मास्तर म्हणाले, रेघ काढताना थरथरला नाही म्हणजे झालं. मास्तर म्हणजे चित्रपट करणारे. वयाने आपल्या थोरल्याएवढे, पण सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. माझी एक जुनी पाटी बघून त्यांनी मला शोधून काढलं. ज्याच्या 'अ'चं पोट इतकं गोल, तो माणूस मला हवा, म्हणाले. बघ, शाळा सोडलेल्याचा 'अ'च कामाला आला.

तिसऱ्या मजल्यावर लांबलचक खोली, उत्तरेला खिडक्या, ओळीने मेजं. माझी राहायची खोली बरोबर वरच्या मजल्यावर. मधे बावीस पायऱ्या. स्वच्छ पलंग, खुर्ची, टेबल, खिडकीतून समोरच्या छपरांवरच्या पाण्याच्या टाक्या. आणखी काय पाहिजे?

४ फेब्रुवारी, मंगळवार

काम सांगतो, नीट वाच. मेजाच्या मधोमध काच, काचेखाली दिवा. कागदाला वर भोकं असतात, ती खुंट्यांवर बसवायची, म्हणजे कागद हलत नाही. मास्तर मुख्य चित्रं काढतात. समज, पहिल्या चित्रात म्हातारा टेबलावरच्या ग्लासाकडे हात नेतोय, आणि नवव्यात ग्लास ओठाला लागलाय. मधली सात मी काढायची. दिव्यावर पहिलं आणि नववं दोन्ही दिसतात, त्यांच्या अधलीमधली रेघ ओढायची. मग सगळे कागद बोटांत धरून फडफडवायचे, की म्हातारा चहा पितो! मी पाचदा पाजला त्याला.

समोर रंगवाली बाई बसते. चित्रात रंग भरते आणि तोंडाने अखंड बोलते. तिला मी सांगितलं, आमच्या घरीही एक आहे, फक्त तिला स्वतःचं ऐकू येत नाही. खूप हसली. रागावू नकोस.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चित्रपट कशावर आहे ते आज कळलं. एक तरुण गावभर हिंडतो आणि भेटेल त्याला विचारतो, आपण जागे आहोत हे तुम्हाला कशावरून कळतं? बस. मारामारी नाही, लग्न नाही. मी म्हटलं, बघायला कोण येणार? मास्तर म्हणाले, झोपलेले सगळे.

त्यात एक नर्स म्हणते, चिमटा काढा. तर ड्रायव्हर म्हणतो, मला स्वप्नात कुत्रा चावला होता तेव्हाही दुखलंच. मग एक प्राध्यापक येतो. तो म्हणतो, स्वप्नात माणसं कितीही बोलू देत, तुम्हाला आधी माहीत नाही असं काही ती सांगू शकत नाहीत, कारण बोलणारे तुम्हीच असता. हे मला पटलं. शिकलेला माणूस कधीकधी बरोबर बोलतो.

जेवणाच्या सुट्टीत सगळे यावरच वाद घालत होते. मला विचारलं. मी म्हटलं, सकाळी उठल्यावर ज्याची कंबर धरते तो जागा. मास्तरांनी ते वाक्य लिहून घेतलं, चित्रातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी घालतो म्हणाले. मी आपला फुशारलो.

पण मास्तरांचं स्वतःचं मत निराळं. म्हणाले, जागेपणी तरी काय असतं आजोबा, चारदोन मुख्य चित्रं. उठलो, पोचलो, जेवलो. मधलं घडलं असेल असं आपण धरून चालतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल खाली कामावर बसलो आणि सहज मनात आलं, पायऱ्या उतरल्याचं आठवत नाही. साठी बुद्धी नाठी, त्यात आपण साठीच्या पुढे. आज ठरवून मोजायला निघालो. दाराला कुलूप लावलं. मग मेजावरचा दिवा लावला. मधे एकही पायरी नाही. किल्ली मात्र हातात, अजून गार.

सवयीचं काम असलं की असं होतं. तूसुद्धा गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघतेस.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तुझं पत्र आलं! गुडघा बरा, खोकला थांबला, सूनबाईची पाठ बरी, भावाचा रक्तदाब उतरला, कोपराची खपली पडली. वाचून जीव भांड्यात पडला. मग पुन्हा वाचलं. मी ज्या क्रमाने विचारलं त्याच क्रमाने तू उत्तर दिलंस. शेवटी लिहिलंस, इकडे नवीन काही नाही.

अक्षर तुझंच. पण चाळीस वर्षांत तू विचारलेल्याचं सरळ उत्तर कधी दिलं आहेस?

दुपारी सूनबाईला फोन लावला. म्हटलं, मला माहीत नाही असं काहीतरी सांग. ती हसली. म्हणाली, "बाबा, इथे काय नवीन असणार? तेच ते." दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच, त्याच हसण्यासकट.

पाकिटात एक ओळ वेगळी घालतो. मला ठाऊक नाही असं काही लिही. कारण विचारू नकोस, म्हाताऱ्याचा हट्ट समज.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी उठलो. कंबर धरली नाही.

गादी चांगली आहे, म्हणून असेल. वाकलो, पुन्हा वाकलो. जमिनीला हात टेकले. वीस वर्षांत टेकले नव्हते. माणसाला आनंद व्हायला हवा ना? मी पलंगावर बसून कंबर दाबत राहिलो, दुखेल म्हणून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहू की नको असं झालं. पण तुझी अट आहे, सगळं.

काल एक चूक केली होती. चहा पिण्याच्या चित्रांत पाचव्या कागदावर ग्लास काढायचा राहिला. नुसती वळलेली बोटं. मास्तर म्हणाले, राहू दे, एवढ्या वेगात डोळ्याला कळत नाही.

आज चार वाजता चहा आला. मी ग्लास उचलला. अर्ध्या वाटेत हातात ग्लास नव्हता. बोटं वळलेली, मधे हवा. मग ग्लास ओठाला लागला, गरम.

रंगवाली बाई समोरच होती. बोलता बोलता गप्प झाली. मी विचारलं, दिसलं का? ती म्हणाली, मला कशात ओढू नका आजोबा, मी फक्त रंग भरते. त्यानंतर दिवसभर बोलली नाही. एवढी शांतता मला त्या खोलीत नको होती.

मास्तरांना सुट्टी मागितली. दोन दिवस घरी जाऊन येतो म्हटलं. नाही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, पत्रं येतात ना घरून? हो म्हटलं. मग काय, म्हणाले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अगं, किती लाखाचं लिहिलंस!

धाकटीचा दात पडला. खालचा, डावा. सफरचंद खाताना. दात सफरचंदातच राहिला आणि ती ते फिरवून सगळ्यांना दाखवत बसली. हे मला ठाऊक नव्हतं! कसं असेल? दात हलत होता हेही कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे हे तू लिहिलंस, तू तिथे आहेस, आणि मी जागा आहे. मी रंगवाल्या बाईला पेढे— ते नव्हते, बिस्किटं दिली. प्राध्यापकाला मनात नमस्कार केला.

आठवडाभराची झोप आज एका दुपारी भरून निघाली. शनिवारी घरी येतो. मास्तर काय म्हणायचं ते म्हणोत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

निरोप घ्यायचा म्हणून रंगवाल्या बाईच्या मेजापाशी गेलो. तिचे वाळलेले कागद दोरीवर लटकत होते. पहिल्यावर एक मुलगी. हातात सफरचंद. पुढच्यावर ती हसते. खालचा डावा दात नाही.

विचारलं, हे कधीचं? ती म्हणाली, तुम्ही आलात त्याच आठवड्यातलं. वाळायला वेळ लागला.

कागदाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याची खूण असते. दोन कागदांवर मास्तरांची. मधल्या सातांवर माझी. माझा तो गोल पोटाचा 'अ'.

मी काढलीत. मला आठवत नाही.

म्हणजे मला माहीत होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पेटी भरली. दार उघडलं. मेजाशी बसलो होतो.

पुन्हा वर. पेटी उचलली, दार— मेज.

मास्तरांना विचारलं, मला घरी का जाता येत नाही? ते रागावले नाहीत, तेच वाईट. आईसारखं समजावून सांगितलं. म्हणाले, "तुम्ही घरी पोचल्याचं चित्र मी अजून काढलेलं नाही, आजोबा."

मग म्हणाले, हे चित्रपटातलं वाक्य आहे. कसं वाटलं?

२४ फेब्रुवारी, सोमवार

एक सुचलं. पहिलं आणि नववं त्यांचं. पण मधली सात माझी.

आज दोन चित्रं आली. पहिल्यात म्हातारा मेजाशी बसलाय, नवव्यातही बसलाय. मधे त्याने नुसतं बसायचं. मी दुसऱ्यात त्याला उठवलं. तिसऱ्यात वळवलं. चौथ्यात, पाचव्यात चालवलं. सहाव्यात दाराला हात. सातव्यात दार उघडं—

आणि खरंच गं. जिन्याचा वास आला. ओल्या चुन्याचा. पायाखाली पायरी, एक. कंबरेत कळ आली, इतकी गोड—

आठव्यात परतायला लागलं. नववं त्यांचं आहे.

सात चित्रांत एकच पायरी होते. बावीस आहेत, आणि पुढे रस्ता, आणि गाडी, आणि तू.

२५ फेब्रुवारी

आज तीनदा उठलो. दोन पायऱ्या.

रंगवाल्या बाईने दाराबाहेर रंग भरून ठेवला होता. माझ्याकडे बघितलं नाही. जिना पिवळा होता, ऊन पडल्यासारखा.

२६

मास्तरांनी कागद मोजले.

आता फक्त पहिलं चित्र दिलंय. म्हातारा वहीत लिहितोय. नववा कागद खुंट्यांवर आहे, पण कोरा. मी विचारलं, शेवट कुठे? म्हणाले, ठरलेला नाही. तुम्ही काढत राहा.

कोरा म्हणजे दोन्ही. मला कोणी परत ओढणार नाही— सगळ्या पायऱ्या उतरता येतील. किंवा आठव्यानंतर म्हातारा कुठेच—

तारीख बघायची राहिली

पेन्सिल टोक करून ठेवली आहे. पेटी पायाशी. निघण्याआधी एवढंच कळू दे, की खाली तू आहेस.

दाताचं नको. सफरचंदाचं नको, ते काढता येतं. गुडघा, जिना, मांजर, खिडकी, काही नको. जे जे दिसतं ते त्यांच्याकडे आधीच आहे. असं लिही जे कोणाला काढता येणार नाही. मी निघालो त्या दिवशी तू दारात उभी होतीस आणि काही बोलली नाहीस. चेहरा मला पाठ आहे, मी तो डोळे मिटून काढीन. पण मनात काय होतं? ते मला माहीत नाही. कधीच विचारलं नाही मी. चाळीस वर्षं नुसता चेहरा बघून मधलं भरत आलो—

ते लिही. चांगलं असो, वाईट असो. नुसतं मेला एकदाचा गेला, असं असलं तरी चालेल. हसेन मी.

दिवा लागलाय काचेखाली. मी लावला नाही. हात आपोआप दुसऱ्या कागदाकडे

लवकर लिही. एकच ओळ पुरे. पत्ता तोच, तिसरा मजला, उत्तरेकडची लांब खोली. माझं नाव घालशील ना, नीट, पूर्ण, कारण इथे सगळे मला नुसतं आजोबा— आणि आज सही करताना मला ते— तू घाल. तुला ठाऊक आहे. लवकर लिही, मी तिसऱ्या चित्रापर्यंत आलोय, आता वळ