एका पाटीवर दोघी

चैत्र शुद्ध द्वितीया, शके १८६८. सांगली.
काल पाडव्याची सुट्टी झाली आणि आज वखारीत हळदीचा डोंगर. दिवसभर पाट्यांतून निवडलं. नाकात हळद, कानात हळद, भाकरीला हळद. संध्याकाळी सुशी लिहायला बसली तर तिचीही बोटं पिवळी. म्हटलं, लग्नाआधीच रोज हळद लागते तुला, बघायला येणारा म्हणेल हिचं एक होऊन गेलंय. लिहीत नव्हती. म्हटलं, लिही. मी सांगेन ते सगळं लिहायचं असं ठरलंय.
माझं 'न्हाई' ती 'नाही' करून टाकते. करू दे. सातवी पास नात आहे. बाप पलटणीत, आई गेलेली, शिकवलं मीच.
धाकटे शेठ आज वखारीत फिरले. (सुशी 'धा. शे.' एवढंच लिहिते. शाई महाग.) थोरले अंथरुणाला लागल्यापासून गादीवर हेच. पुण्याला शिकून आलेत. माझ्यापुढं चक्क उकिडवे बसले. "मावशी, एका पाटीवर दोघी कशासाठी?"
सांगितलं. एक जुनी, एक नवी. पोरीचे हात पळतात, म्हातारीची नजर मुरलेली असते. पोरीला शिकायला मिळतं, म्हातारीला बसायला मिळतं. पाटी दोघींची, मजुरी सारखी. मी मुकादमीण व्हायच्या आधीपासूनची रीत.
"वा!" म्हणाले. विजारीला हळद लागली, ती तशीच घेऊन गेले.

चै. शु. पंचमी
भागूच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. ती आणि मी एकाच साली वखारीत आलो, नव्या सुना होतो. आता किडकं हळकुंड आणि चांगलं हळकुंड तिला एकच. तिच्या पाटीवर हिरा बसते, हिराचा हात चपळ. फिरता फिरता भागूच्या बाजूचा ढीग मी हळूच चाळून घेते. माझ्या उजव्या हाताला सुशी असते, तिला ठाऊक आहे. आणखी कुणाला नाही.
भागूला विचारलं, दिसतंय ना गं? म्हणाली, "दिसतंय की समदं. सुशीनं हिरवं लुगडं न्येसलंय." लुगडं तांबडं होतं. सुशीला हसू आवरेना, उठून पाणी प्यायला गेली.
भागूचं दुसरं कोण नाही. एक लेक साताऱ्याला दिलेली. "जावयाच्या वसरीवर भाकरी खायापरास मला हितंच हळदीत पुरा," म्हणते. पुरू म्हटलं. रंग छान येईल.

रामनवमी
सुंठवडा वाटला आणि धा. शे. नी सगळ्यांना अंगणात बसवलं. वखार म्हणजे एक घर. जुन्या बायांचा अनुभव, नव्या मुलींचा हुरूप. दोन्हींचा मेळ. ज्याला जे वाटतं त्यानं मोकळं बोलावं.
मोकळं बोला म्हटल्यावर कोण बोलतंय? सगळ्या पदराशी चाळा करत बसल्या. शेवटी भागू. "पान्याचा रांजण सावलीत ठिवा मालक, पानी तापतंय." दिवाणजींनी लिहून घेतलं. एवढ्या मोठ्या सभेत कामाचं बोलणं तेवढंच.
मग पोरींना आत बोलावलं, थोड्या थोड्या करून. म्हाताऱ्यांना नाही. आमचा अनुभव बाहेर उन्हात.
सुशी सगळ्यात जास्त वेळ आत होती. काय विचारलं? "काही नाही, शिक्षण विचारलं."

चै. शु. एकादशी
रांजण सावलीत आला. माणूस शब्दाचा दिसतो. उगीच नावं ठेवली मी.
सुशीला आज एक गोष्ट सांगून टाकली, तीही लिहवून ठेवते. माझ्यामागं मुकादमीण तीच. मी स्वतः धा. शे. ना सांगणार. पण अजून दोन-चार वर्षं माझ्या उजव्या हाताला बसायचं. हळद लवकर ओळखायला लागली, माणसं अजून नाही.
वाटलं होतं नाचेल. मान खाली घालून लिहीत राहिली. थकली असेल.

हनुमान जयंतीचा दुसरा दिवस
सकाळी गेलो तर पाट्या सुट्ट्या मांडलेल्या. एकीला एक. दिवाणजी म्हणाले, "आजपासून जिची तिची पाटी. आणि मुकादमीण सुशीलाबाई."
सुशीलाबाई! नाक पुसायला मी शिकवलं.
ती खडू घेऊन उभी होती. एकेका पाटीवर खूण करत गेली. माझ्याही पाटीवर केली. माझ्याकडं बघितलं नाही.
दुपारी धा. शे. आले. सरळ भागूपाशी. इतक्या बायांमधून सरळ भागूपाशी! तिची पाटी सगळ्यांसमोर पालथी केली. किडकी, पोकळ, सगळी बाहेर. भागू अंदाजानं हसत होती, तिला वाटलं कौतुक चाललंय. "मावशी, डोळे बरे झाले की या हं." आवाज किती गोड.
त्यांना कोण बोललं? हिरा? हिराला पुरतं ठाऊकच नव्हतं, मी चाळायचे ते तिची पाठ वळल्यावर. ठाऊक होतं ते माझ्या उजव्या हाताला.
सुशी आज लिहीत नाही म्हणाली. म्हटलं, बस. माझ्या हाताला अक्षर नाही. तुझ्याच हातानं लिही. 'सुशीनं सांगितलं.' लिहिलंस? आता खाली रेघ ओढ.
ओढली.

चै. व. तृतीया
वखारीत गेले नाही. कालही नाही. चूल, अंगण, चूल.
सुशी एकटी जाते, एकटी येते. मी भाकरी वाढते ती खाते. आज मीच तोंड उघडलं. लय वेळ गप्प बसायची मला सवय नाही, ते तिला माहीत.
"मला का न्हाई सांगितलंस?"
"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"
"न्हाई."
"मग?"
मग काय, मग! मेली मुकादमिणीसारखी बोलायला लागली.
म्हणाली, "आजी, हिरा दोघींचं काम ओढत होती. मनगट सुजलंय तिचं. घरात तान्हं पोर. तू भागूआजीचा ढीग चाळलास, हिराचा हात कधी बघितलास?"
नाही बघितला. पोरींचे हात दुखतात असं आमच्या वेळी नव्हतंच. म्हणजे दुखत असतील, विचारलं कुणी नव्हतं.
हे लिही, पण रेघ नको.
तिनं धा. शे. ना सांगितलं ते एका अटीवर. भागूला काढायचं नाही, रांजणावर बसवायचं, बायांना पाणी द्यायला. त्यांनी व्हय म्हटलं होतं. रांजणावर आज त्यांच्या माळ्याची बायको बसली.
"शब्द दिला होता त्यांनी मला," सुशी म्हणाली आणि रडली.
म्हटलं, तुलाबी फसवलं व्हय? मग आपण दोघी अजून एकाच पाटीवर हाय म्हणायच्या.
हसली नाही. मीही नाही. शेठनं फसवलं त्याचं एवढं नाही. शेठचं आणि माझं काय नातं? पण ही रोज संध्याकाळी इथं बसून माझं बोलणं लिहीत होती. पोटात सगळं ठेवून. एकादशीला मी तिला मुकादमी द्यायला निघाले, तेव्हा ती तिला आधीच…

पुढं सांगवत नाही. राहू दे.

चै. व. द्वादशी
हिरा आली होती. सुशीला काहीतरी बांधून आणलं होतं, मला बघून दारातूनच परत. मनगटाला कापड गुंडाळलेलं.
दुपारी भागू. भिंतीला हात लावत लावत आली. जावयाचा सांगावा आलाय, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून न्यायला येतो. गाठोडं बांधलंय म्हणाली. एक लुगडं, एक तांब्या. तांब्या सुशीला द्यायचा म्हणते.
तिला काही माहीत नाही. "सुशीबाय मुकादमीण झाली, आपलं नाव काढलं पोरीनं. आन् तू गं का घरात बसलीस? नातीचा हुकूम आयकायची लाज वाटती व्हय?"
खरं काय ते अगदी ओठापर्यंत आलं होतं. गिळलं.
सुशीनं चहा आणला. भागूनं तिचा हात धरला, वर चाचपत गेली, गालापर्यंत. "लय वाळलीस गं. काम लय पडतंय का?" सुशीच्या हातातल्या कपातला चहा बशीत, बशीतला माझ्या मांडीवर.
मी ओरडले. तेवढंच बरं झालं, कुणीतरी ओरडायला हवंच होतं.

अक्षय्य तृतीया
धा. शे. नी आज ब्राह्मणाला पाण्याची घागर दान दिली. वाळा घालून, वर आंबा ठेवून. भागूला रांजण दिला नाही, ब्राह्मणाला घागर दिली. पुण्य कुठून मिळतं ते शिकलेल्यांना बरोबर कळतं.
माझ्यासाठी त्यांचाच निरोप. नव्या पोरी येतात आणि आठवड्यात पळतात. शेजारी कुणी नसतं, चूक सांगणारं नाही, डोळा पुसणारं नाही, जिची तिची पाटी. तर मी यावं. पाटी नाही, निवडायचं नाही, फक्त शिकवायचं. मला खुर्ची देणार.
खुर्ची! हळद काय खुर्चीवरून निवडतात? पोरीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं. तिनं किडकं हळकुंड चांगल्यात टाकलं की आपला हात तिच्या हातावर पडला पाहिजे. खुर्चीवरून हात पोचतो?
तरी जाईन म्हटलं. खोटं कशाला, मला त्या वासाशिवाय करमत नाही. पण रांजणावर भागू बसली तरच. आणि हे मी सांगणार नाही. सुशीनं सांगायचं. ज्या तोंडानं भागूचे डोळे सांगितले, त्याच तोंडानं. उद्या वखार उघडताच, जावई यायच्या आत.
सुशी म्हणाली, "मलाच काढतील, आजी. माझ्या जागी पुण्याहून एक मास्तरीण आणायचं चाललंय त्यांचं. निमित्तच बघतायत."
"काढतील."
"मग घर कशावर चालवायचं? आबांचा पलटणीतला पगार दोन महिने आला नाही."
"ते मला विचारू नको. मी अडाणी."
दौतीशी खेळत बसली. मी तिला 'सांग' म्हटलं नाही पुन्हा. एकदा म्हटलं तेवढं पुरे. पूर्वी तिच्या तोंडाकडं बघितलं की कळायचं मला, खोटा ताप काढलाय की खरा, शाळेत मार खाल्लाय की दिलाय. आता हे सगळं ती लिहितेय, आणि लिहिताना मान खाली असते.
वर बघ म्हटलं.
म्हणाली, "थांब, ओळ पुरी होऊ दे."