‘काढू नये’ एवढंच लिहिलेली ओळ

जळगाव, गुरुवार

प्रिय अखिल,

तुझ्या तिन्ही मेसेजना मी उत्तर दिलं नाही, कारण फोनवर मला नुसतं ओरडताच आलं असतं. सुकदेव शुद्धीवर आलाय. डोक्याला सात टाके आहेत, डावा खांदा निखळलाय. चोपड्याला तुझ्या काकांच्या केळी पिकवायच्या तीन नंबरच्या खोलीत तो गेला आणि कोंडलेल्या हवेत चक्कर येऊन पडला. लखीचंदकाका म्हणतात, लाल दिवा असतानाच घुसला, बेफिकीर माणूस, सोमवारपासून कामावर नको. अकरा वर्षं त्याच खोल्या सांभाळणारा माणूस बेफिकीर! दवाखान्यात तो मला एवढंच म्हणाला, “ताई, दिवा हिरवाच व्हता. मी खोटं कसाले बोलू?”

खोलीतली हवा बाहेर गेली, आता आत जायला हरकत नाही, असं सांगणारा तो हिरवा दिवा लावणारा प्रोग्राम आपल्या दोघांचा. तू पुण्याची नोकरी धरलीस आणि तुझ्या एकशे बारा फाईली माझ्या गळ्यात पडल्या. भरीत_अंतिम. भरीत_अंतिम_खरं. शेवभाजी_२. जागेवर जाऊन दुरुस्ती करायची आणि त्या दिवशी जे जेवलास तेच फाईलचं नाव ठेवायचं! तेव्हा मीही हसायचे, कबूल आहे. पण चोपड्याची कुठली नि नशिराबादची कुठली, हे मी काय वास घेऊन ओळखायचं? कितीदा सांगितलं, का केलंस ते दोन ओळींत लिहून ठेव. तुझं ठरलेलं उत्तर, “माझ्या लक्षात आहे.” होतं ना लक्षात? मग ते डोक्यात घेऊनच तू निघून गेलास. आणि आता तिकडे बसून विचारतोस, “नक्की काय झालं, लॉग तपासलेस का?” उंटावरून शेळ्या हाकायचं बंद कर.

दिवाळीनंतर महिनाभर खपून मी सगळ्या फाईलींना गावाची आणि खोलीची नावं दिली. जुन्या नकला काढून टाकल्या. प्रत्येकीच्या माथ्यावर ती काय करते ते लिहिलं. शेवभाजी_२ मध्ये, म्हणजे चोपड्याच्या तीन नंबरच्या फाईलीत, एक जास्तीची ओळ निघाली: पंखा आणखी वीस मिनिटं चालवायचा, मगच हिरवा दिवा. शेजारी तुझी टीप, ‘काढू नये’. बस्स. का काढू नये, कुणासाठी, काही नाही. दुसऱ्या कुठल्याच खोलीला ती ओळ नव्हती. तुला फोन करायला हवा होता. पण तुझ्यावरच्या रागात मी तो केला नाही.

अखिल, ती ओळ मी काढली. राहून गेलेली जुनी दुरुस्ती समजून, नीटनेटकेपणाच्या तोऱ्यात. काल चोपड्याला जाऊन भिंतीमागे पाहिलं, तर तीन नंबरचा हवा बाहेर जायचा झरोका नव्या शेडनं अर्धा बुजवलाय. तुला ते ठाऊक होतं, म्हणूनच ती जास्तीची वीस मिनिटं. सुकदेव खरं बोलतोय, हिरवा दिवा मीच लावला. ओळ परत घातली आहे, खाली कारण आणि माझं नाव लिहिलं आहे. काकांना सगळं सांगितलं, पण ते म्हणतात, मशीन आमच्या अखिलनं बसवलंय, त्यात चूक निघायची नाही. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. म्हणून सोमवारी सकाळी चोपड्याला ये आणि सुकदेवच्या देखत त्यांना सांग, ती ओळ का होती. मी त्याची माफी मागून आले. तुझ्या वाटणीची तू येऊन माग.

अजून तरी तुझीच,
दिपमाला