थरथरीतून वाचलेल्या आठ माद्या

शीतांग, नवव्या महिन्याची नवमी

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचा शुइगनचा वाकून नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे आपली सून गुइचन बरी आहे आणि मला ती बरं नाही म्हणू देत नाही. पत्राला कारण विशेष काही नाही. (फोन तीनदा लावला होता. मामी आवाज न ओळखता "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही" म्हणून ठेवून देतात. शांघायला राहायचं तर तसंच राहायला हवं, माझी तक्रार नाही.)

तळ्याचं म्हणाल, तर सलग तिसऱ्या वर्षी खेकड्यांना थरथर लागली. आधी पाय कापतात, मग खेकडा पाय पोटाशी घेऊन काठावर येऊन बसतो आणि तिथेच मरतो. तळ्यात चुना टाकला, खाद्यात लसूण कालवला. लसणाचा खेकड्यांवर काही परिणाम झाला नाही, पण आम्हा दोघांच्या अंगाला महिनाभर असा वास होता की शेजारचे चियानदादा बांधावरून ओरडायचे, "काय रे शुइगन, खेकडे वाफवायला घेतलेस की तूच आत बसलास?" मग मला वाटलं, डुकरांना लस टोचतात, तशी खेकड्यांना का टोचू नये? डुकरांची लस आणून एकेकाला धरून टोचायला बसलो. मी त्यांना चाळीस वेळा टोचलं, त्यांनी मला एकोणीस वेळा. (गावात दुसराच आकडा सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका.) शेवटी साडेआठ हजारांतले अकरा खेकडे जगले. त्यात टोचलेला एकही नव्हता.

हे अकरा जगल्याचं कुणीतरी मत्स्य कॉलेजात कळवलं आणि आज दुपारी तिथल्या फांग मॅडम मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून आल्या. वयाने आपल्या नातीएवढ्या असतील. घरात टबात तीन नर होते, त्यांच्या पायाच्या सांध्यात सुई घालून त्यांनी रक्त काढलं. ते पाण्यासारखंच दिसतं, हवा लागली की जरा निळसर होतं. मी लसीची गोष्ट कबूल केली. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "काका, लस म्हणजे शरीराला आजाराची ओळख करून देणं, पुढच्या वेळी त्याला आठवावं म्हणून. खेकड्याच्या रक्ताला तशी आठवणच नसते हो." त्याच्या रक्तात पेशी असतात, जंतू दिसला की गिळायचा एवढंच त्यांना कळतं, आणि तेही जन्मतःच, शिकवून येत नाही. म्हणजे माझी लस पालथ्या घड्यावर पाणी. (चियानदादा पत्त्यांत दर वेळी त्याच माणसाकडून त्याच डावाने हरतात, तेव्हा हे मला लगेच समजलं.)

पण पुढे त्या जे म्हणाल्या ते नीट वाचा. एवढ्या थरथरीत राहूनही जे जगले, त्यांच्या अंगात ते बळ उपजतच जास्त असणार, आणि ते पिल्लांत उतरायची आशा आहे. या खेकड्यांना समुद्रकाठच्या केंद्रावर नेऊन त्यांची पिल्लं वाढवायची, आणि पहिली पिल्लं आमच्या तळ्यात सोडायची. मामा, तीन वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. तळ्याचा गावाशी असलेला करार नव्या वर्षाला संपतो. तोवर हाती काही चांगलं लागलं नाही, तर गुइचनचा भाऊ मला वीटभट्टीवर कामाला नेणार, हे ठरलेलं आहे. ते तळं माझ्या बापाने स्वतः खणलेलं आहे. मला वीटभट्टीवर जायचं नाही.

मग मॅडमनी विचारलं, "काका, माद्या कुठायत?"

आता नवव्या महिन्यात मादी खावी आणि दहाव्यात नर, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. नवमीच्या सणाला वडीलधाऱ्यांना पाठवायचं ते उत्तमातलं उत्तम. तेव्हा अकरातल्या आठच्या आठ माद्या जिवंतच गवताच्या दोरीने बांधून काल मी कुणाकडे पाठवल्या, हे आपल्याला ठाऊकच आहे. मॅडमनी सुई परत डबीत ठेवली. म्हणाल्या, परत मागवता नाही का येणार? मी स्पष्ट सांगितलं की बाई, मामाला दिलेली भेट परत मागणारा भाचा आमच्या घराण्यात अजून जन्मलेला नाही. तेव्हा मामा, आपण निवांत खा. आलं सढळ हाताने घ्या, खेकडा प्रकृतीने थंड असतो. दारू ऊन करून घ्या.

आपला आज्ञाधारक,
शुइगन

ता. क. पत्र घेऊन आलेला माणूस म्हणजे आमचा ट्रकवाला शू. त्याच्या हातात ओलं गवत घातलेली रिकामी टोपली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. तो चहा घेऊनही उठणार नाही, त्याच्याकडेही लक्ष देऊ नका.

ता. क. गुइचनने पत्र वाचलं आणि डोक्याला हात लावला. ती म्हणते, सरळ लिहा. सरळ लिहितो: मामा, खाऊ नका. चूल पेटली असेल तर विझवा. आठ नसतील तर चार द्या, चार नसतील तर एक द्या. एका मादीच्या पोटी लाखांनी अंडी असतात. भाचा निर्लज्ज निघाला असं मामींना खुशाल सांगा, ते खरंच आहे.

ता. क. (हे गुइचनला दाखवलेलं नाही.) खाऊन झाले असतील, तर मनाला लावून घेऊ नका. मी प्रेमाने पाठवले होते, आपण प्रेमाने खाल्ले. फक्त टोपली रिकामी पाठवू नका. कोबीचे दोन गड्डे घालून वर ओलं फडकं टाका. उद्या संध्याकाळी गुइचन फाट्यावर ट्रकची वाट बघत उभी राहणार आहे. शू टोपली उतरवेल तेव्हा लांबून तिला ती जड तरी दिसेल. जवळ आल्यावर काय सांगायचं, ते मी बघतो.