उद्या पाणी येणार नाही

३ फेब्रुवारी

हसून हसून पोट दुखलं आज! तिसऱ्या मजल्यावर नवी भाडेकरीण आली आहे — बेकरीत कामाला जाते ती — तिने गेले नऊ दिवस घरातलं भांडं न् भांडं पाण्याने भरून ठेवलंय. बादल्या, पातेली, कुकर, फुलदाणीसुद्धा. आज जिन्यात गाठून मला विचारते, "काकू, इथे रोज उद्या पाणी जाणार असतं, मग जात कसं नाही हो?"

फळा वाचून! जिन्याखालचा आमचा फळा. "उद्या पाणी येणार नाही." दोन वर्षं तेच आहे तिथे. बाकी सगळ्यांना ठाऊक आहे, ते मनावर घ्यायचं नसतं.

का, ते तिला सांगितलं नाही. म्हटलं, "भरलेलं असलेलं बरं."

४ फेब्रुवारी

तिला नाही सांगितलं, इथे लिहिते.

फळा रोज हे लिहायचे. दिवसभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि घरी आले की वर यायच्या आधी खडू हातात! पाण्याची वेळ, कोणाची किल्ली सापडली, कोणाला मुलगी झाली. लग्न झालं तेव्हा मला सहीसुद्धा येत नव्हती. त्या फळ्यावर मी वाचायला शिकले. बाजारात निघाले की जिन्याखाली थांबून एकेक अक्षर लावायचं. परत आले की ह्यांचा प्रश्न तयार, "काय बातमी आज?" चुकले तर स्वतः चहा करायचे. बरोबर आलं तरी तेच करायचे.

ती शेवटची ओळ लिहून वर आले, चपला काढल्या, खुर्चीत बसले. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी खरंच पाणी नव्हतं आणि घरात माणसं मावत नव्हती. सेक्रेटरी भावजींनी शेजारच्या इमारतीतून बादल्या वाहिल्या. तेरा. मी मोजत बसले होते, का कोण जाणे.

तेव्हापासून फळ्याला कोणी हात लावला नाही. मीही नाही. मोतीबिंदूमुळे सगळं धुरकट दिसतं, पण ओळ आहे जागच्या जागी. अजून पांढरीशुभ्र. पूर्वीचा खडूच तसा असायचा!

७ फेब्रुवारी

भावजी आले. इमारतीचे सेक्रेटरी. पोस्टात पस्तीस वर्षं काढली. पाकिटावरचा पत्ता पुसट झाला असेल तर स्वतः गिरवून पुढे पाठवायचो, हे दर भेटीत एकदा सांगतात. आज सांगितलं नाही, तेव्हाच ओळखलं — काहीतरी आहे.

"वहिनी, रविवारी मीटिंग. फळा काढून तिथे स्क्रीन लावावा म्हणतात सगळे."

"सगळे म्हणजे कोण?"

"मला धरून चौघं."

"आणि तुमचा तो ग्रुप? त्यावर देता ना सूचना?"

"देतो की," म्हणाले आणि मोबाइल पुसायला लागले. त्यांच्या मोबाइलच्या काचेवर नेहमी पांढरी बोटं उमटलेली. मला दिसतात म्हणजे किती असतील! बायको पीठ मळायला लावत असणार घरात.

लेकीने मलाही घातलंय त्या ग्रुपात. जागं व्हायच्या आत चाळीस सुप्रभात. मग लसूण उशीखाली ठेवल्याचे फायदे. मग कोणाचा तरी नातू नाचतोय. लेक फोनवर म्हणाली, "आई, आवाज बंद करून टाक त्याचा." केला. काय शांतता!

९ फेब्रुवारी

मीटिंग पुढे ढकलली. तसा निरोप ग्रुपवर टाकला होता. म्हणून सगळे वेळेवर हजर!

१२ फेब्रुवारी

सकाळी सात. नळ फुस्स करून गप्प. दहा मिनिटांत सगळी इमारत जिन्यात — कोणाच्या तोंडात ब्रश, कोणाच्या डोक्याला साबण.

"आधी सांगायला नको?"

भावजी मोबाइल उंच धरून ओरडतायत, "काल दुपारी टाकलंय! हे बघा, निळ्या खुणा! सगळ्यांनी पाहिलंय! ह्या शिंप्याने तर अंगठा दिलाय!"

तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, "मी सगळ्यांनाच देतो."

पाहिलं होतं सगळ्यांनीच. वाचलं कोणी नव्हतं. मीही त्यातलीच!

तेवढ्यात वर दार उघडलं. बेकरीवाली. तिच्याकडे पाणीच पाणी! सगळे रांगेत. शिंप्याने फुलदाणीतल्या पाण्याने दाढी केली.

"तुला कसं कळलं गं?"

"फळ्यावर लिहिलंय की," ती म्हणाली.

मी हसायला लागले आणि मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

१६ फेब्रुवारी

आज झाली मीटिंग. स्क्रीन रद्द! फळा राहणार — पण रोज लिहायचा. म्हणजे रोज पुसायचा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "काकू, तुम्हीच लिहा. काकांचं काम आहे ते."

"डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे आधी," म्हणाले मी. बहाणा. ती ओळ मी कशी पुसू? ह्यांच्या हातचं तेवढंच उरलंय.

भावजी एकटे जमिनीकडे बघत होते.

लेक म्हणते, "फोटो काढ, मग पूस." काढला. चांगला आलाय. पण फोटो बघायला जिना उतरावा लागत नाही, आणि मला उतरायचं असतं.

२० फेब्रुवारी

डोळा झाला. पंधरा मिनिटं! डॉक्टरीणबाई गुणगुणत होत्या.

२१ फेब्रुवारी

पट्टी निघाली. घरी येताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत आले. लेक म्हणाली, "आई, लोक बघतायत!" बघू देत. मीही बघतेय!

जिन्याखाली मात्र मान फिरवली. उद्या.

२२ फेब्रुवारी

फळा वाचला. ते अक्षर ह्यांचं नाही.

ह्यांचा काना खाली येताना डावीकडे वळायचा. इथले सगळे काने ताठ — पाकिटावरच्या पत्त्यासारखे. एकावर एक, कितीदा गिरवलेत कोण जाणे. ह्यांचं खाली काही उरलेलं नाही.

ओलं फडकं आणून पुसला. लिहिलं, "उद्या पाणी येईल."

मग खडू मोडला आणि अर्धा भावजींच्या उंबऱ्यावर ठेवून आले.