कार्ड आठ सांगतं, आहे चारच

दादा,
तुझा कॉम्प्युटर बाबांनी बिघडवलेला नाही. काल तू त्यांना नाही नाही ते बोलून निघून गेलास, म्हणून आज मी तो उघडून बसले. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, काढून परत टाकलं, तरी ग्राफिक्स कार्डची मेमरी आठ जीबीच दिसत होती. मग ती भरून पाहिली. चार जीबीच्या पुढे गेलं की दर वेळी स्क्रीन काळी होते. कार्डावरच्या चिपा पाहिल्या, त्या सगळ्या मिळून चारच जीबीच्या आहेत. विकणाऱ्याने आकडा बदलून तुला फसवलंय. तुझे मोठे नकाशे म्हणूनच अर्ध्यात बंद पडत होते.

एवढं लिहिलं आणि बाबा त्यांच्या खोलीत पडले. डावा हात उचलता येत नाही, बोलणं जड झालंय. अँब्युलन्स खाली आली आहे. त्यांना मोठ्या दवाखान्यात नेतेय. तुझा फोन बंद आहे.

ते सारखं विचारतायत, "मी खरंच काही दाबलं होतं का गं?" हल्ली विसरतात ना, त्यामुळे तुझंच खरं मानून बसलेत. मी नाही म्हटलं, पण माझं त्यांना पटत नाही. तू सांग. त्यांना समजतंय तोवर ये.