पैसे परत पाठवू नकोस

प्रिय अश्वजित, सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आपल्या धाकट्या बहिणीला, वैभवीला सांग, आईला मोठ्यानं वाचून दाखव.

नाल्याच्या पुरात सोयाबीन गेलं, घराची मागची भिंत बसली, हे मला तुझ्याकडून नाही, आपल्या रिठदच्या लखीरामकडून कळलं. तो इथं चाकणला माझ्याच कारखान्यात आहे. त्याच दिवशी मी पैसे पाठवले. तू ते परत केलेस, आणि निरोप काय, तर "बहिनीच्या पैशावर घर चालवून राह्यला, असं लोक मले म्हनतील."

लोकांचं बोलणं मला नवीन नाही. नवऱ्याचं घर सोडून एकटी इकडे आले तेव्हाही ते बोलतच होते. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला, खोलीत पीठ उरलं नव्हतं. तेव्हा आईनं ट्रकवाल्याच्या हाती जवारी आणि तुरीची दाळ धाडली. पोत्याचं तोंड तूच शिवलं होतंस. आम्ही खोलीतल्या साऱ्या बायांनी ते पुरवून पुरवून खाल्लं. भावाचं कसं खाऊ, म्हणून मी ते पोतं परत पाठवलं होतं का?

इथंही ओव्हरटाइम बंद आहे. सोबतच्या गोमतीबाई म्हणतात, आधी स्वतःचं पाहा. पण त्याही आपल्या घरी, इंझोरीला पैसे पाठवतातच. बरे दिवस असले की पाठवलेला पैसा कौतुकाचा असतो रे. वाईट दिवसांत पाठवला, की हे घर माझंही आहे, हे कोणाला नाकारता येत नाही. तू पैसे परत केलेस, तेव्हा मला दारातूनच हाकलल्यासारखं वाटलं.

आता मुद्द्याचं. वैभवी फोनवर रडत होती. खाणारं एक तोंड कमी व्हावं, म्हणून तिचं नर्सिंग सोडवून तू अनसिंगला सोयरीक ठरवतो आहेस. माझ्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं. तिला मी विचारलं, तिला शिकायचंच आहे. तिच्या कॉलेजची फी आज परस्पर भरली. अनसिंगच्या पाहुण्यांनाही मीच फोन केला, पोरगी शिकते आहे, आत्ता लग्न नाही, म्हणून सांगितलं. भिंतीचे पैसे आईच्या खात्यात टाकले आहेत. राग आला असेल तर मी रविवारी येतेच आहे, तोंडावर बोल. भाकर मात्र माझीही टाकायला सांग.

तुझीच मोठी बहीण,
रत्नमाला