बाबांच्या गोळ्या आणि तुमचा रिपोर्ट

मआमीर, बहारीन
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६, सकाळचे पावणेसहा.
आज मेसची पाळी माझी. मसूर निवडत होतो, परात बाजूला सारून लिहायला बसलो आहे.

ती. भावोजी यांस,

नमस्कार. ताईचे यजमान आहात म्हणून लिहिला आहे.

इकडे सगळे ठीक. सकाळी बोचरा गारवा असतो. आपल्या खोलीतला जमालुद्दीन अजून पामतेलाचा मोठा डबा आणा म्हणून भांडतो आणि मी आणू देत नाही. वकार म्हणतो, "तेरे राज में आदमी दिल से नहीं, भूख से मरेगा." तुमची खाट तशीच आहे. खाली तुम्ही विकता त्या पावडरीचे डबे आहेत. तेवढी जागा सोडून मी खोली झाडतो.

तुम्ही फोन उचलत नाही. दोनदा उचललात, ते मला गप्प करायला. गुणाजी सुतार आज गावी निघतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. पाकीट चिकटवलेलं नाही. गावी जाणाऱ्याच्या हाती कोणीही बंद वस्तू देत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याने वाचलं तरी हरकत नाही. तो ते ताईच्या हातात देईल, तुमच्या नाही.

बुधवारी ताईचा फोन आला. म्हणाली, "परीक्षिता, बाबांका दम लागता रे. चार पायऱ्ये चढले तरी बसूचा लागता." मी विचारलं, गोळ्या घेतात ना? ती म्हणाली, तुम्ही इथून गावी गेल्यापासून बंद आहेत. सकाळ-संध्याकाळ तुमची पावडर कोमट पाण्यातून. दम लागतो तो अंगातली घाण बाहेर पडते म्हणून, असं तुम्ही सांगितलंत.

भावोजी, बाबांना रिंग बसवून दोन वर्षं झालेली नाहीत. कुडाळच्या डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं, गोळ्या मला विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायच्या नाहीत. तेव्हा सगळ्यांत जोरात मान तुम्ही हलवली होती.

मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "जावई स्वतः बरे झाले. कागद बघितलाय मी." बाबा माणसाचं ऐकत नाहीत, कागदाचं ऐकतात. मी पुढे काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. का बोललो नाही ते तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांना नाही. म्हणून आता सांगतो.

डिसेंबरात मंडळाच्या हॉलमध्ये फुकट तपासणीचा कॅम्प होता. तुम्ही म्हणालात, ताई रिपोर्टसाठी मागे लागली आहे, कोलेस्टेरॉलचा चांगला आकडा बघितला की तिला झोप लागेल. मी नको म्हटलं, तेव्हा म्हणालात, "मेल्या, वायच रगात तर व्हयां. किडनी नाय मागणंय." टेबलावर कोणाचं ओळखपत्र बघत नव्हते. चिठ्ठीवर तुमचं नाव होतं, तुकाराम परब, वय पंचेचाळीस. सुई लावणारी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "पैंतालीस? लगते तो नहीं." तुम्ही मागून हसलात, "हमारे पाउडर का कमाल है, सिस्टर!"

तो रिपोर्ट तुमच्या नावाचा आहे. रक्त माझं आहे. ताईसाठी म्हणून दिलं. तुम्ही तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलात, आधीच्या खऱ्या रिपोर्टशेजारी ठेवून फोटो काढलात आणि "तीन महिन्यांत फरक" असं लिहून सगळ्या ग्रुपवर पाठवलात. तेव्हाही मी बोललो नाही. विकणारे विकतात, घेणारे घेतात, असं मनाशी म्हणालो. तुम्ही तो कागद माझ्याच बापाला दाखवाल हे डोक्यात आलं नाही.

आता उरलेलं. खोलीत इतकी माणसं असताना तुम्ही माझंच रक्त का मागितलंत, हे मला परवा तुमच्या फोनवरच्या बोलण्यावरून कळलं. वकारचं नाही, जमालुद्दीनचं नाही. गणपतीच्या सुमारास माझ्या दाढीच्या डब्यात तुम्हाला गोळ्यांची पट्टी सापडली होती, तिच्याखाली घडी करून रिपोर्ट होता. तुम्ही दोन्ही बघितलंत. माझा आकडा चांगला आहे आणि तो कशाने चांगला आहे, हे दोन्ही तुम्हाला ठाऊक होतं.

ताई, तू हे वाचते आहेस, तर तुलाही सांगतो. बाबांचा कोलेस्टेरॉलचा आजार मलाही आहे. दीड वर्षापूर्वी दवाखान्यात कळलं. डॉक्टर हिना म्हणाल्या, आधी खाणं बदला आणि चाला. मी तूप, पामतेल, तळण सोडलं. मसूर, ओट्स, ज्वारी धरली. कामावरून येताना व्हॅनमधून अलीकडे उतरून रोज खोलीपर्यंत चालत आलो. आकडा उतरला, पण पुरेसा नाही. त्या म्हणाल्या, "भैया, ये खानदानी है. चलना मत छोड़ो, लेकिन सिर्फ़ चलने से नहीं होगा." तेव्हापासून रोज गोळी घेतो. मधे यकृताची तपासणीही केली, ठीक आहे. तुमच्या पावडरीचा डबाही मी त्यांना दाखवला होता, भावोजी. त्यांनी मागचं लेबल वाचलं. म्हणाल्या, यात इसबगोल आहे, त्याने थोडा फरक पडतो, कोणी खाल्लं तर खाऊ दे, पण गोळीच्या जागी नाही.

म्हणजे तुम्ही बाबांची गोळी जो कागद दाखवून बंद केलीत, तो कागद त्याच जातीच्या गोळीने चांगला आला आहे. हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. इतकं वाईट मला ठरवूनसुद्धा सुचलं नसतं.

बुधवारी हे मी तुम्हाला फोनवर म्हटलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते लिहून ठेवतो, नंतर नाही म्हणाल. "तू नववी नापास. माका डॉक्टरकी शिकवतंस? गप ऱ्हव. अपेक्षाच्या बापाशीक तुझ्या गोळयेचां सांगू काय?" अपेक्षा तुमची आतेबहीण, माझ्यासाठी हे स्थळ तुम्हीच आणलेलं, मे महिन्यात आमचा साखरपुडा. काल दिवसभर मी गप्प राहिलो. आणखी एक पूर्ण दिवस बाबा गोळीशिवाय राहिले आणि मी माझं लग्न सांभाळत बसलो. त्या दिवसाबद्दल मला तुमच्याइतकाच माझाही राग आहे.

काल संध्याकाळी मी स्वतः अपेक्षाच्या वडिलांना फोन केला. आजार सांगितला, गोळी सांगितली, ती कदाचित जन्मभर घ्यावी लागेल तेही सांगितलं. ते म्हणाले, "घरात बोलून कळवतो." आवाजावरून कळलं काय कळवणार ते. तेव्हा आता मला घाबरवायला तुमच्याकडे काहीही उरलेलं नाही.

सात वाजता ताईला फोन लावून हे पत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे. फोन स्पीकरवर ठेवून बाबांनाही ऐकवणार. तुम्ही तिथे असाल तर उठून जाऊ नका. आजच रिक्षा करून बाबांना कुडाळला न्या, त्याच डॉक्टरांकडे. गोळ्या किती दिवस बंद आहेत ते खरं सांगा, आणि ते तुम्ही सांगा, ताई नाही. दम का लागतो हे डॉक्टर ठरवतील, तुमचा डबा नाही. बाबांनी कागदच मागितला, तर उद्या गुणाजी हा सहीचा कागद घेऊन पोचेलच.

आणि तुमचं स्वतःचं रक्त. तो पहिला रिपोर्ट खरा होता आणि त्यावर तुम्ही काहीही केलेलं नाही. तुमच्यावर माझा जीव नाही, पण ताईचा आहे. बाबांच्या शेजारी बसून तुमचाही हात पुढे करा. या वेळी तुमचाच.

तुमचा म्हणून सही करायचा रिवाज आहे. ती मला जमत नाही.

तुमच्या बायकोचा भाऊ,
परीक्षित